रंगद्रव्याचे सौरघट आणि द्रावकाचा प्रश्न: पार्श्वभूमी

बेळगाव, चिक्कोडी, निपाणी पट्ट्यातल्या कारखान्यांत मळीपासून इथेनॉल बनतं आणि पेट्रोलमध्ये मिसळायला जातं, हे इथल्या ऊसवाल्याला सांगावं लागत नाही. रंगद्रव्यावर चालणाऱ्या सौरघटांतही त्याला जागा आहे, याची चर्चा मात्र आपल्याकडे व्हायला हवी तेवढी होत नाही.

झिंक ऑक्साइडच्या स्फटिकावर रंगद्रव्य लावून वीज मिळवण्याचे प्रयोग 1960च्या दशकातले. सपाट पृष्ठभागावर रंगाचा जेमतेम एक रेणूजाड थर बसे, प्रकाश फारसा शोषलाच जात नसे. 1991 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे ब्रायन ओ'रेगन आणि मायकेल ग्रेट्झेल यांनी टायटॅनियम डायऑक्साइडच्या अतिसूक्ष्म कणांचा सच्छिद्र थर वापरला आणि कार्यक्षमता 7 टक्क्यांच्या वर नेली. रंगद्रव्य प्रकाश शोषून इलेक्ट्रॉन त्या थराला देतं. घटातला आयोडीनयुक्त इलेक्ट्रोलाइट, म्हणजे आयन (विद्युतभारित कण) वाहून नेणारा द्रव, रंगद्रव्यातली इलेक्ट्रॉनची तूट भरून काढतो.

द्रावक, म्हणजे इतर पदार्थ विरघळवणारा द्रव, लागतो दोन ठिकाणी. एक, तो सच्छिद्र थर दिलेली काच रंगात बुडवताना. शहापूर-वडगावचा विणकर सूत बुडवतो तशीच ही क्रिया. दुसरा, इलेक्ट्रोलाइटमध्ये. दोन्हीकडे अ‍ॅसिटोनायट्राइल नावाचं रसायन रुळलं, कारण ते पातळ आहे, क्षार त्यात सहज विरघळतात, आयन झपाट्यानं फिरतात. पण ते पेट घेतं, शरीरात गेल्यावर त्यातून सायनाइड तयार होतं, आणि 82 अंशांना उकळत असल्यामुळे तापलेल्या घटाची कड जरा कच्ची असली की वाफ होऊन निसटतं. शिवाय ते कृत्रिम धागे-प्लॅस्टिकसाठी लागणाऱ्या अ‍ॅक्रिलोनायट्राइलच्या कारखान्यांचं उपउत्पादन. 2008-09 मध्ये ते कारखाने मंदावले आणि जगभर त्याचा तुटवडा पडला.

पाणी तर या घटाचा शत्रूच मानलं जाई, कारण ते रंगद्रव्याला थरापासून सुटं करतं. 2010 मध्ये खुद्द ओ'रेगन यांच्या गटानं पाण्यावर आधारलेला इलेक्ट्रोलाइट चालवून दाखवला. पाण्यात न सुटणारी रंगद्रव्यं निवडणं ही त्यामागची मुख्य गोष्ट. द्रावकाचा आणखी एक पर्याय म्हणजे घन पदार्थांच्या मिश्रणातून होणारे द्रव. कोलीन क्लोराइड आणि युरिया हे दोन घन पदार्थ मिसळले की द्रव होतात, हे 2003 मध्ये प्रसिद्ध झालं होतं. असे द्रव जवळजवळ उडतच नाहीत, पण दाट असल्यानं आयन रेंगाळतात.

रंग चढवायला इथेनॉल उत्तम. खानापूरच्या जांभूळ-कोकमाचा रंगही त्यात उतरतो, फक्त अशा नैसर्गिक रंगांची कार्यक्षमता बहुधा 1-2 टक्क्यांवरच थांबते. इलेक्ट्रोलाइटसाठी मात्र इथेनॉल उपयोगी नाही. ते 78 अंशांनाच उकळतं. माझ्या मते, इथल्या प्रयोगशाळांनी जोर लावावा तो इलेक्ट्रोलाइटच्या द्रावकावरच.