करंगळीला मुंग्या: नस मानेत दबली की कोपरात?

‘नस दबलीये’ असं आपण सर्रास म्हणतो. पण मणक्यांमधून नुकतंच बाहेर आलेलं नसेचं मूळ दबणं वेगळं, आणि अशा अनेक मुळांचे तंतू एकत्र येऊन बनलेली हातातली नस दबणं वेगळं. करंगळीच्या बाबतीत हा घोळ फार होतो. माझ्या मावशीने त्यापायी तीन महिने गळ्याला पट्टा बांधला. दुखणं होतं कोपरात.

मज्जारज्जूतून नसांच्या ३१ जोड्या निघतात. छातीत त्यांचा मार्ग सरळ असतो: नस निघते आणि बरगडीच्या कडेने पुढे येते. म्हणून तर नागीण बहुतेक वेळा पाठीकडून पुढे, शरीराच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारखी उठते. हाताचं तसं नाही. मानेची पाचवी ते आठवी आणि छातीची पहिली अशी पाच मुळं मानेच्या कडेला एकमेकांत गुंफतात. पाचांचे तीन पेड होतात, प्रत्येक पेड दुभंगतो, पुन्हा तीन जुड्या बांधल्या जातात आणि त्यांतून हाताच्या पाच मुख्य नसा निघतात. हे जाळं म्हणजे ब्रेकियल प्लेक्सस. वेणीसारखंच आहे हे. एका मुळाचे तंतू अनेक नसांत जातात आणि एका नसेत अनेक मुळांचे तंतू असतात.

आता करंगळी. तिच्याकडे येणारं मुख्य मूळ म्हणजे मानेचं आठवं, सी-८. (मानेत मणके सात, पण नसा आठ, ही आठवी सातव्या मणक्याच्या खालून निघते.) आणि तिथवर पोचवणारी नस म्हणजे अल्नर. कोपर आपटलं की करंगळीपर्यंत करंट जातो ना, तीच.

फरक ओळखायला अनामिका फार कामाची आहे. कापसाचा बोळा त्या बोटावरून आडवा फिरवा. अल्नर दबली असेल तर बहुधा करंगळीकडची अर्धी बाजू बधिर आणि मधल्या बोटाकडची अर्धी शाबूत लागते, कारण तो अर्धा भाग मीडियन नसेचा आहे. सी-८ दबलं तर बोट असं मधोमध वाटलं जात नाही. मला शरीररचनेतली ही सगळ्यात सुंदर सीमारेषा वाटते.

दुसरी खूण मनगटाच्या वर. अल्नरची बधिरता मनगटाच्या आसपास थांबते. हाताच्या आतल्या बाजूने कोपराकडे चढत गेली तर मूळ किंवा जाळं तपासावं लागतं, कारण तिथल्या त्वचेची नस वेगळी आहे, ती थेट जाळ्यातूनच फुटते. ताकदीचंही तसंच. अल्नरमध्ये बोटं फाकवायला जड जातं, पण अंगठ्याचं टोक जोरात वाकतं. सी-८मध्ये तेही ढिलं पडू शकतं, कारण त्याचे तंतू मीडियन आणि रेडियल नसांतही गेलेले असतात. मान वळवल्यावर कळ हातात उतरत असेल तर संशय मानेवर.

कधी दोन्ही जागी दाब असतो. तेव्हा नसेतून संदेश किती वेगाने जातो हे मोजणारी चाचणी लागते. मावशीच्या चाचणीत तो वेग कोपरापाशी मंदावलेला निघाला. गळ्याचा पट्टा सुटला. आता ती रात्री कोपराला टॉवेल गुंडाळून झोपते, म्हणजे झोपेत हात दुमडला जात नाही.