पाटाचं पाणी, लघवीतलं रक्त आणि दोन जागले

आमच्याकडे साक्री-धुळ्याच्या बाजूला कुणाच्या लघवीत रक्त दिसलं, की निदान पारावरच होतं: "मुतखडा शे, दुसरं काय!" आमचं ऊन पाहता हा अंदाज बऱ्याचदा खराही निघतो. आफ्रिकेतल्या काही गावांत याच रक्ताचा अर्थ वेगळा लावत. पोराच्या लघवीत रक्त आलं, म्हणजे पोरगा वयात आला!

खरं कारण होतं एक जंत. १८५१ साली कैरोमध्ये थिओडोर बिल्हार्झ या जर्मन डॉक्टरला तो शवविच्छेदनात सापडला, म्हणून रोगाचं नाव बिल्हार्झिया. जंत शिस्टोसोमा हिमाटोबियम. रोग मात्र फार जुना. सुमारे ३,००० वर्षांपूर्वीच्या ममींच्या मूत्रपिंडांत त्याची अंडी १९१० मध्ये मिळाली.

आपल्या जुन्या माणसांना नारूचा जंत आठवत असेल. तो पिण्याच्या पाण्यातून पोटात जायचा. बिल्हार्झियाच्या जंताला तेवढीही गरज नाही. गोड्या पाण्यातल्या गोगलगायीत वाढलेली त्याची पिल्लं पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतूनच आत शिरतात. इजिप्तमध्ये कालवे बारमाही झाले, गोगलगायींना कोरडा काळ उरला नाही आणि रोग फोफावला. महाराष्ट्रातही १९५२ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात लघवीच्या बिल्हार्झियाचे रुग्ण नोंदले गेले होते. खानदेशातल्या पाटांना मात्र यात गोवू नये.

या जंताचे नर-मादी मूत्राशयाभोवतीच्या शिरांत वर्षानुवर्षं राहतात. अंड्याला टोकाशी काटा असतो. बरीच अंडी लघवीवाटे बाहेर पडतात, उरलेली मूत्राशयाच्या भिंतीत रुततात, आणि खरी भानगड या रुतलेल्या अंड्यांची. शरीराच्या संरक्षक पेशी त्यांच्यावर तुटून पडतात आणि नायट्रिक ऑक्साइडसारखी तिखट रसायनं सोडतात. अंडी ढिम्म हलत नाहीत. भाजतं ते आजूबाजूचं अस्तर. ते मरतं, पुन्हा वाढतं, पुन्हा मरतं. अशी वीस-तीस वर्षं. मूत्राशयाचं मऊ अस्तर हळूहळू कातडीसारखं चपट्या पेशींचं होतं. म्हणून या रुग्णांत बहुधा चपट्या पेशींचा कर्करोग आढळतो, तंबाखूमुळे होणारा नेहमीचा प्रकार नव्हे.

पेशी वाढते म्हणजे आत काय होतं, हे सांगायला पांझरा नदीवरची फड बागायत, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी गावाने वाटून घेण्याची पद्धत, मला सोयीची वाटते. बंधाऱ्यातून पाट निघतो, पण पाणी कुणी कधी घ्यायचं ते पाटकरी ठरवतो आणि जागल्या राखण करतो. पेशीच्या विभाजनाच्या पाटावर आरबी नावाचं प्रथिन हे बंद दार. सीडीके-४ हा ते उघडणारा हात. आणि पी-१६ हा तो हात धरून ठेवणारा जागल्या. दुसरा जागल्या पी-५३. डीएनए कुठे फुटला की तो पाणी थांबवतो, डागडुजी होऊ देतो. डागडुजी जमणार नसेल तर पेशीला मरायला लावतो. आरबी, पी-१६ आणि पी-५३ या तिन्ही प्रथिनांची जनुकं गाठ रोखणारी, म्हणजे ट्यूमर सप्रेसर. प्रत्येकाच्या दोन प्रती असतात, त्यामुळे एक बिघडली तरी दुसरी बरेचदा भार उचलते.

बिल्हार्झियाच्या गाठींत दोन्ही जागले वेगवेगळ्या तऱ्हेने जातात, आणि मला यातली हीच गोष्ट सगळ्यात विलक्षण वाटते. पी-५३ च्या जनुकात बिघाड झाला, तर बहुतेकदा डीएनएच्या चार अक्षरांपैकी (ए, टी, सी, जी) एखादंच बदलतं. इजिप्तमधल्या गाठी तपासल्या तेव्हा सुमारे एक तृतीयांश गाठींत असे बदल मिळाले, आणि त्यांत एक खास खूण होती: सी नंतर जी येतो अशा जागी सी चा टी झालेला. तिथल्या सी वर बहुधा मिथाइलचा एक लहान गट चिकटलेला असतो. असा सी आपला अमोनियाचा तुकडा गमावून बसला की थेट टी बनतो. ही चूक एरवीही अधूनमधून होते. सतत पेटलेल्या दाहातल्या नायट्रिक ऑक्साइडमुळे ती वाढत असावी, असा संशोधकांचा कयास आहे. पी-१६ चं तसं नाही. तिथे सहसा अक्षर चुकत नाही, पानच फाटतं. नवव्या गुणसूत्रावरचा तो तुकडा अनेकदा दोन्ही प्रतींसकट गायब होतो. अभ्यासलेल्या बिल्हार्झिया-गाठींपैकी निम्म्याच्या आसपास गाठींत या जनुकात बिघाड आढळला.

त्यात लघवीतले जिवाणू नायट्रेटपासून नायट्रोसामाइन बनवायला मदत करतात. ती तर कर्करोगकारक. १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने या जंतालाच मानवी कर्करोगाच्या निश्चित कारणांच्या यादीत टाकलं, तंबाखूच्याच रांगेत.

प्राझिक्वांटेल नावाच्या गोळीने जंत मरतो, आणि लहानपणीच दिली तर अस्तर बऱ्यापैकी सावरतं. पण चाळिशी-पन्नाशीत गाठ घेऊन आलेल्या शेतकऱ्याच्या शरीरात जंत कित्येकदा उरलेलाच नसतो. भिंतीत असतात ती चुनखडीसारखी कडक झालेली जुनी अंडी, आणि त्यांच्याभोवती पी-१६ नसलेल्या पेशी.