‘खेचून आणलेला’ निधी: नागपूरच्या आमदारांच्या पत्रकामागचा इतिहास

डिसेंबरचं अधिवेशन आटोपलं की जानेवारीत पेपरासोबत एक घडीपत्रक घरात येऊन पडतं. गुळगुळीत कागद, वर आमदारांचा हात जोडलेला फोटो आणि आत दोन रकाने: कामाचं नाव आणि रक्कम. अमुक ले-आउटमध्ये सिमेंट रोड, तमुक वस्तीत गडर (सांडपाण्याची) लाइन, समाजभवनाची संरक्षक भिंत, उद्यानात ग्रीन जिम. मार्चमध्ये मुंबईत अर्थसंकल्प मांडला गेला की असंच दुसरं येतं, ते हल्ली मोबाइलवर. दोन्हींत एक शब्दप्रयोग हमखास सापडतो. निधी ‘खेचून आणला’.

ही पत्रकं मी फेकत नाही, एका फाइलीत लावून ठेवतो. पक्ष बदलले, चेहरे बदलले, ते क्रियापद मात्र तसंच राहिलं. आपल्या कानांना ते इतकं सरावलं आहे की मूळ प्रश्न विचारायचाच राहून जातो: जो पैसा हिश्श्याने मिळायचा ठरला होता, तो खेचावा का लागतो?

त्यासाठी जरा मागे जावं लागेल. एकेकाळी नागपूरचं स्वतःचं बजेट होतं. मध्यप्रांताचं विधिमंडळ इथे १९१४ मध्ये सुरू झालं. पुढे मध्यप्रांत आणि वऱ्हाड, स्वातंत्र्यानंतर जुना मध्यप्रदेश, अशी नावं बदलली तरी राजधानी नागपूरच राहिली, आणि जमाखर्चही इथेच मांडला जाई. भांडणंही तेव्हापासूनची आहेत. वऱ्हाडचा महसूल मध्यप्रांतावर खर्च होतो, ही वऱ्हाडी पुढाऱ्यांची तक्रार इतकी वाढली की १९२० च्या दशकात खर्चाच्या विभागणीचं प्रमाण ठरवावं लागलं. ते ‘सिम सूत्र’ म्हणून ओळखलं गेलं. म्हणजे ‘आमचा पैसा गेला कुठे’ हा प्रश्न महाराष्ट्र राज्यापेक्षा जुना आहे, आणि गंमत अशी की तेव्हा तो नागपूरलाच विचारला जात होता.

१९५५ मध्ये राज्यांच्या पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने वेगळ्या विदर्भ राज्याची शिफारस केली. ती मानली गेली नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे तेव्हाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले आणि नागपूरची राजधानी संपली. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. या सगळ्याच्या आधी, २८ सप्टेंबर १९५३ ला, पश्चिम महाराष्ट्र, विदर्भ आणि मराठवाड्याच्या नेत्यांनी ज्या कागदावर सह्या केल्या, तो नागपूर करार. यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे, रा. कृ. पाटील, गोपाळराव खेडकर, शेषराव वानखेडे ही त्यातली काही नावं.

या करारातलं एकच कलम सगळ्यांना पाठ आहे: वर्षातून एक अधिवेशन नागपुरात. माझ्या मते जास्त महत्त्वाचं कलम दुसरं आहे. विभागांवरचा खर्च लोकसंख्येच्या प्रमाणात व्हावा, मराठवाड्याच्या मागासलेपणाकडे विशेष लक्ष द्यावं आणि याबाबतचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवावा. नुसता वाटा ठरवून ती माणसं थांबली नव्हती, हिशेबही त्यांनी कागदावर घेतला होता. राज्यघटनेच्या ३७१ (२) कलमातही हेच आहे: विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी विकास मंडळं, विकासखर्चासाठी पैशाचं न्याय्य वाटप आणि मंडळांच्या कामाचा वार्षिक अहवाल विधानसभेपुढे. हे कलम १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने या रूपात आलं. त्यानुसार मंडळं प्रत्यक्षात यायला १९९४ उजाडलं. अडतीस वर्षं!

मधल्या काळात हिशेब मांडला तो प्रा. वि. म. दांडेकरांच्या समितीने. १९८३ मध्ये ती नेमली गेली आणि पुढच्याच वर्षी तिने अहवाल दिला. रीत साधी होती. रस्ते, सिंचन, खेड्यांचं विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशी क्षेत्रं घ्यायची, प्रत्येकाची राज्याची सरासरी काढायची आणि जो जिल्हा सरासरीच्या खाली असेल त्याला वर आणायला लागणारा खर्च म्हणजे त्याचा अनुशेष. राज्याचा एकूण अनुशेष निघाला ३,१८६ कोटी ७८ लाख रुपये. त्यात विदर्भाचा वाटा १,२४६ कोटी ५५ लाख, म्हणजे ३९ टक्क्यांच्या वर. सरकारने अहवाल औपचारिकपणे स्वीकारला नाही, पण ‘अनुशेष’ हा शब्द त्यानंतर नागपूरच्या पानठेल्यावरही पोचला. १९९५ मध्ये निर्देशांक आणि अनुशेष समिती बसली. तिने १ एप्रिल १९९४ च्या स्थितीवर धरलेला राज्याचा आकडा सुमारे १४ हजार कोटींचा होता. किमती वाढल्या, मोजण्याची पद्धतही तीच नव्हती, हे धरूनही दरी भरत आली होती असं काही म्हणता येत नाही.

२००१ पासून राज्यपालांचे निधिवाटपाचे निर्देश येऊ लागले. मग विजय केळकर समिती आली. जिल्ह्याऐवजी तालुका हा घटक धरावा असं तिचं म्हणणं होतं, आणि तिचा अहवाल डिसेंबर २०१४ मध्ये इथल्याच अधिवेशनात पटलावर आला. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. सप्टेंबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्यांच्या फेररचनेचा निर्णय घेतला, मात्र त्यासाठी राष्ट्रपतींचा आदेश लागतो. मंडळ नाही म्हणजे त्याचा अहवालही नाही, आणि त्या अहवालावर आमदाराने सभागृहात बोलायची संधीही नाही. विदर्भाच्या आमदारांनी यावर जितका आवाज उठवायला हवा होता तितका उठवला नाही, हे मला स्पष्ट म्हणावंसं वाटतं.

आता पत्रकातल्या रकमेकडे. मुख्य अर्थसंकल्प मार्चमध्ये मुंबईत मांडला जातो. नागपूरच्या वाट्याला येतात त्या पुरवणी मागण्या: वर्षाच्या मधे कमी पडलेल्या किंवा नव्याने सुचलेल्या खर्चाला मंजुरी. त्या किरकोळ नसतात. डिसेंबर २०२२ मध्ये इथे ५२ हजार कोटींच्या वर, २०२३ मध्ये ५५ हजार कोटींच्या वर आणि २०२४ मध्ये ३३ हजार ७८८ कोटींच्या मागण्या मांडल्या गेल्या. अधिवेशन मात्र आक्रसत गेलं. २०२४ चं सहा दिवसांत आटोपलं. २०२० आणि २०२१ मध्ये कोरोनाच्या कारणाने ते नागपुरात झालंच नाही. इतक्या थोड्या दिवसांत तारांकित प्रश्न, लक्षवेधी, पुरवणी मागण्यांवरची चर्चा असं सगळं उरकायचं असतं, आणि बाहेर टेकडी रोडवर, मॉरिस कॉलेज टी पॉइंटवर मोर्चे थांबलेले असतात.

मोर्च्यांबद्दल लिहिताना २३ नोव्हेंबर १९९४ ओलांडून पुढे जाता येत नाही. आदिवासींच्या सवलती मागायला आलेल्या गोवारी समाजाच्या मोर्च्यात चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसं गेली. त्यात बायका आणि लेकरं होती. विधानभवन तिथून हाकेच्या अंतरावर. शहीद गोवारी स्मारकापाशी आजही दर नोव्हेंबरला माणसं फुलं घेऊन येतात. नागपूरला अधिवेशन का हवं, असं कुणी विचारलं की मला ते स्मारक आठवतं. खेड्यातला माणूस मुंबईपर्यंत पोचत नाही, इथवर पोचतो. तो पोचल्यावर त्याला भेटणारं कुणीतरी असायला हवं.

पत्रकातल्या कामांचे पैसे एकाच झऱ्यातून येत नाहीत, आणि हेच पत्रकात कधी लिहिलेलं नसतं. आमदाराचा स्वतःचा स्थानिक विकास निधी वर्षाला ५ कोटी; २०२२ मध्ये तो ४ वरून वाढवला. दुसरा झरा जिल्हा नियोजन समितीचा, ज्याला आपण डीपीसी म्हणतो. तिचे अध्यक्ष पालकमंत्री. तिसरा राज्याच्या अर्थसंकल्पातला, सार्वजनिक बांधकाम किंवा नगरविकास खात्याचा. शिवाय महापालिका आणि नासुप्र, म्हणजे नागपूर सुधार प्रन्यास. पत्रकात सगळ्यांची बेरीज एकाच मोठ्या अक्षरात छापलेली असते.

शिवाय तरतूद म्हणजे पैसा नव्हे. कामाला प्रशासकीय मान्यता लागते, मग तांत्रिक मान्यता, निविदा, वर्क ऑर्डर. कधी एखादं काम नाममात्र टोकन रक्कम टाकून अर्थसंकल्पात नुसतं दाखल करून ठेवतात, म्हणजे यादीत नाव राहतं. पैसे हप्त्याहप्त्याने सुटतात आणि बरेचदा मार्च एण्डला धावपळीत सुटतात. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाचंच पाहा. १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालं तेव्हा अंदाज ३७२ कोटींचा होता. पुढे तो १८ हजार कोटींच्या वर गेला. जवळपास चार दशकं दर अर्थसंकल्पात गोसीखुर्दला तरतूद आहे आणि दरवेळी ती बातमी आहे. त्याच धरणात नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून, पुढे कन्हान आणि वैनगंगेतून, जाऊन मिळतं, हे मात्र शहरातल्या एकाही पत्रकात मी वाचलेलं नाही.

गल्लीतली नाली हे आमदाराचं काम आहे का? खरं तर नाही. ते नगरसेवकाचं. पण मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर जवळपास चार वर्षं प्रशासकांचा कारभार चालला. लोकांनी जायचं कुणाकडे? शहरातल्या सहा आमदारांचीच दारं उघडी होती. ‘५७२’ आणि ‘१९००’ या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या अनधिकृत ले-आउटमधल्या लोकांचं तर याहून कठीण. प्लॉट घेतला, नासुप्रला विकास शुल्क भरलं, आरएल, म्हणजे प्लॉट नियमित झाल्याचं पत्र, मिळालं, आणि पावसाळ्यात दारापुढे चिखल तो चिखलच. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि काठच्या वस्त्यांत पाणी घरात शिरलं, तेव्हापासून तर नाली आणि भिंत हेच शहराचं मोठं राजकारण झालं आहे.

यंदाच्या पत्रकात आमच्या मागच्या गल्लीची गडर लाइन होती. तीन वर्षांपूर्वीच्या पत्रकातही तीच होती, रक्कम तेवढी वेगळी. शेजारच्या काकू दोन्ही कागद घेऊन जनता दरबारात गेल्या, मी सोबत होतो. प्लास्टिकच्या खुर्च्या, टेबलावर जाडजूड रजिस्टर, एक पोरगा नावं लिहून घेत होता. काकूंनी दोन्ही कागद पुढ्यात ठेवले. “काहून भाऊ, हे दोनदा खेचून आणलं, मंग पोचलं कुठी?” पोराने रजिस्टर चाळलं, फोन लावला, बराच वेळ हं हं केलं. मग सांगितलं, पहिल्या वेळी प्रशासकीय मान्यताच झाली नव्हती, आता झाली आहे, निविदा निघायची आहे. काकू म्हणाल्या, “हे इथं लिहून दे. तारीख टाकून.” त्याने आतल्या खोलीकडे एकदा पाहिलं आणि पत्रकाच्या कोऱ्या कडेवर पेनाने लिहून दिलं: प्र.मा. झाली, निविदा प्रलंबित. खाली तारीख आणि सही.

फाइलीत आता तो कागद सगळ्यात वर आहे. तिसरा रकाना असलेला तो पहिलाच.