स्तनाग्राभोवतीचं गडद वर्तुळ

स्तनाग्राभोवतीच्या वर्तुळाला वैद्यकशास्त्रात अरिओला म्हणतात. त्याचा रंग फिकट गुलाबीपासून जवळजवळ काळ्यापर्यंत कोणताही असतो, आणि त्यातला कुठलाच दुसऱ्यापेक्षा ‘जास्त नॉर्मल’ नाही. रंग येतो मेलॅनिन या त्वचेतल्या रंगद्रव्यामुळे. वयात येताना तो गडद होतो, गरोदरपणात संप्रेरकांमुळे आणखी गडद. बाळंतपणानंतर थोडा उतरतो, पण पुष्कळदा पूर्वीइतका फिकट होत नाही. नवजात बाळाला अंधूक दिसतं, तेव्हा हे गडद वर्तुळ त्याला निशाणासारखं उपयोगी पडत असावं, असं म्हणतात. कल्पना छान आहे. पण बाळ वासाने तिथे पोचतं, याचा पुरावा (तो पुढे येतो) मला अधिक भक्कम वाटतो.

या वर्तुळावर बारीक उंचवटे असतात. पुरळ समजून ते पिळू नयेत. त्या मॉन्टगोमेरी ग्रंथी; आयरिश प्रसूतितज्ज्ञ विल्यम मॉन्टगोमेरी यांनी १८३७ साली त्यांचं वर्णन केलं. त्यांतून झिरपणारा तेलकट स्राव त्वचा मऊ ठेवतो. म्हणूनच तिथे रोज साबण चोळणं बरं नाही. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हा स्राव काही दिवसांच्या बाळांच्या नाकाजवळ धरला, तर ती ओठ-जीभ हलवू लागली, त्यांचा श्वासही बदलला.

थंडीत किंवा स्पर्शाने स्तनाग्र ताठ होतं ते त्वचेखालच्या अनैच्छिक स्नायूंच्या आकुंचनाने. पुरुषांनाही स्तनाग्रं असतात, कारण गर्भात त्यांची सुरुवात टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचा अंमल चालू होण्याआधीच झालेली असते.

आतली रचना मात्र आपण दीडशेहून अधिक वर्षं जुन्या चित्रावरून शिकत आलो. १८४० साली अ‍ॅस्टली कूपर या इंग्रज शल्यविशारदाने मृत स्त्रियांच्या दुग्धनलिकांत रंगीत मेण भरून त्यांची चित्रं काढून घेतली. पंधरा-वीस नलिका आणि वर्तुळाखाली दूध साठवणाऱ्या फुगीर पिशव्या, हे पाठ्यपुस्तकांत वर्षानुवर्षं छापलं गेलं. २००५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दूध पाजणाऱ्या स्त्रियांची सोनोग्राफी केली, तेव्हा मुख्य नलिका सरासरी नऊच निघाल्या. त्या पिशव्या तर दिसल्याच नाहीत. दूध तिथे साठून राहत नाही. बाळ चोखू लागलं की ऑक्सिटोसिन हे संप्रेरक स्रवतं, ग्रंथींभोवतीच्या पेशी आवळतात आणि दूध पुढे ढकललं जातं.

रंग, आकार, कडेचे दोन-चार केस याची काळजी नको. पण एकाच बाजूच्या स्तनाग्रावर खाज, खपल्या किंवा ओलसर चट्टा आला आणि मलमाने जात नसेल, तर नुसता इसब समजून थांबू नये. क्वचित तो पॅजेट आजार, म्हणजे कर्करोगाचा एक प्रकार असतो आणि त्याचं निदान त्वचेचा छोटा तुकडा तपासून होतं.