नालबंदी

नालबंदी : घोड्याचे खूर ठरावीक काळाने तासून त्यांचा तोल राखणे आणि गरज असेल तेथे खुराच्या तळाशी धातूची नाल खिळ्यांनी बसवणे, या दोन्ही कामांना मिळून नालबंदी म्हणतात, हे काम करणारा कारागीर तो नालबंद. ‘नाल’ हा शब्द पादत्राण या अर्थाच्या अरबी शब्दावरून आणि ‘बंद’ हे पद फार्सीतून आले असून घोडदळाच्या परिभाषेबरोबर ते मराठीत रुळले. नालबंदी म्हटले की ऐरण, भाता आणि तापलेले लोखंड डोळ्यांसमोर उभे राहते. प्रत्यक्षात या कामात लोखंडाचा वाटा लहान आहे. चांगल्या नालबंदाचा बहुतेक वेळ खूर पाहण्यात, तो तासण्यात आणि घोडा पाऊल कसे टाकतो हे न्याहाळण्यात जातो. खूर वाकडा तासला गेला, तर त्यावर बसवलेली उत्तम नालसुद्धा ती चूक पुढचे सहा आठवडे घोड्याच्या पायाला बांधून ठेवते.

खुराची रचना : घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर उभा असतो आणि खूर हे त्या बोटाचे नख होय. बाहेरून दिसणारी खुराची भिंत केराटिन या प्रथिनाची बनलेली असते, तिला संवेदना नसते आणि केसांच्या रेषेलगतच्या वरच्या कडेपासून ती सतत खाली वाढत येते. ही वाढ महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर असते. त्यामुळे पुढच्या टोकाशी भिंत वरून खालपर्यंत पूर्ण नवी होण्यास ९ ते १२ महिने लागतात, तर टाचेकडे उंची कमी असल्याने ४ ते ५ महिने पुरतात. भिंतीवरच्या आडव्या वळ्या पाहून जाणकार नालबंद गेल्या काही महिन्यांत घोड्याला ताप येऊन गेला का, त्याचे खाणे अचानक बदलले का, याचा अंदाज बांधू शकतो.

भिंतीच्या आत पायाचे शेवटचे हाड असते. ते तळव्यावर टेकलेले नसून भिंतीच्या आतल्या बाजूला असलेल्या पानांसारख्या सुमारे ६०० पातळ पदरांनी भिंतीला जणू टांगलेले असते. प्रत्येक पदराला शंभराहून अधिक सूक्ष्म उपपदर असतात आणि हाडाकडचे व भिंतीकडचे पदर एकमेकांत गुंतलेले असतात. तीन-चारशे किलो वजनाचा प्राणी, त्यातही सुमारे ६० टक्के भार पुढच्या दोन पायांवर घेऊन, या पदरांच्या आधाराने उभा राहतो व दौडतो, हे लक्षात घेतले म्हणजे या पदरांची सूज हा घोड्याचा इतका घातक आजार का ठरतो ते कळते.

खूर उचलून पाहिला की मध्यभागी रबरासारखा लवचीक त्रिकोणी भाग दिसतो. हिंदी-उर्दू बोलणारे नालबंद त्याला ‘पुतली’ म्हणतात. पाऊल जमिनीवर पडते तेव्हा टाचेचे दोन भाग किंचित फाकतात, पुतली व तिच्यावरची गादी दाबली जाते, धक्का शोषला जातो आणि खुरातले रक्त वर ढकलले जाते. नालेचे खिळे खुराच्या पुढच्या अर्ध्या भागातच ठोकायचे आणि टाच मोकळी ठेवायची, हा नालबंदीचा नियम या फाकण्यामुळेच आला आहे. टाचेला खिळे मारले तर खुराची ही हालचाल कुंठित होते व टाचा हळूहळू आक्रसतात.

भिंत आणि तळवा जेथे मिळतात तेथे एक फिकट रेषा दिसते, तिला पांढरी रेषा म्हणतात. खिळा या रेषेच्या बाहेर, भिंतीच्या निर्जीव भागातून जायला हवा. रेषेच्या आत जिव्हाळी असते, म्हणजे नखाखालचा तो नाजूक, जिवंत भाग. पुष्कळ घोड्यांत खिळ्याला मिळणाऱ्या भिंतीची जाडी जेमतेम एक सेंटिमीटर असते. नालबंदाचे सारे कौशल्य एवढ्याशा जागेत पणाला लागते.

नालबंदीची क्रिया : प्रथम घोड्याला कठीण, सपाट जागेवर चालवून पाहतात. पुढचा पाय दुखत असेल तर तो पाय टेकताना घोडा मान वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना खाली आणतो. त्यानंतर नालबंद खांद्यापासून हात फिरवत खाली नेतो व पाय उचलून घेतो. आपल्याकडे बहुधा मदतनीस पाय धरतो आणि नालबंद उकिडवा बसून काम करतो. जुन्या नालेच्या खिळ्यांची दुमडलेली टोके आधी सरळ केली जातात व मग पकडीने नाल टाचेकडून सोडवली जाते. घाईने एका झटक्यात ओढल्यास भिंतीचे तुकडे तिच्याबरोबर निघतात. मेलेला तळवा वाकड्या टोकाच्या सुरीने काढतात, वाढलेली भिंत पकडीने कापतात आणि कानस फिरवून पृष्ठ सपाट करतात. समोरून पाहता दोन्ही बाजूंची उंची सारखी हवी. बाजूने पाहता खुराचा उतार आणि वरच्या हाडांचा उतार एका रेषेत यायला हवा. पुढच्या खुराचा जमिनीशी होणारा कोन बहुधा ५० ते ५५ अंशांच्या दरम्यान येतो, परंतु तो प्रत्येक घोड्याच्या हाडांच्या ठेवणीवर ठरतो. सर्व घोड्यांना एकच कोन लावण्याचा हट्ट चुकीचा आहे. त्याचप्रमाणे नालेला खुराचा आकार द्यायचा असतो. तयार नालेच्या मापाला खूर कानशीने घासून बसवणे हा या धंद्यातला सर्वांत सामान्य दोष होय.

खिळा ठोकण्याचा क्षण जवळून पाहण्यासारखा असतो. नालेच्या खिळ्याचे टोक एका बाजूने तिरपे तासलेले असते. ती बाजू आत ठेवली की खिळा आत शिरताना बाहेरच्या दिशेला वळतो आणि तळापासून सुमारे दोन सेंटिमीटर वर भिंतीतून बाहेर पडतो. नालबंद हातोडीचे हलके ठोके देतो आणि कान देऊन ऐकतो. खिळा टणक भिंतीतून जात असेल तर आवाज खणखणीत येतो. तो बोदा झाला किंवा खिळा नेहमीपेक्षा सहज सरकू लागला, तर तो जिव्हाळीकडे चालला आहे असे समजून लगेच उपटावा लागतो. टोक बाहेर येताच हातोडीच्या मागच्या चिमट्याने ते पिळून तोडतात, कारण त्याच क्षणी घोड्याने पाय हिसकला तर ते अणकुचीदार टोक धरणाऱ्याची मांडी फाडू शकते. उरलेले टोक भिंतीत लहानशी खाच करून त्यात दुमडतात. एका नालेला साधारणपणे सहा ते आठ खिळे लागतात. जितक्या कमी खिळ्यांत नाल पक्की बसेल तितके खुराला बरे.

नाल तापवून बसवली तर ती खुराच्या उंच जागी जळकी खूण उमटवते व ती जागा नेमकी तासता येते. थंड पद्धतीत ही सोय नाही, पण भट्टी लागत नसल्याने नालबंद पिशवी घेऊन घोड्याच्या दारी जाऊ शकतो. नेहमीच्या कामासाठी मऊ पोलादाची आणि शर्यतीच्या घोड्यांसाठी हलक्या ॲल्युमिनियमची नाल वापरतात.

नागपुरातील खुरांची निगा : नागपुरात टांगा गेला आणि घोडा मुख्यतः वरातीपुरता उरला. तुळशीच्या लग्नापासून पावसाळा तोंडावर येईपर्यंत वरातीच्या घोड्या रात्री-अपरात्री डांबरी आणि सिमेंटच्या रस्त्यांवर चालतात, नवरदेवाला पाठीवर घेऊन बँडच्या गोंगाटात एकाच जागी ताटकळत उभ्याही राहतात. शहरातील अनेक प्रमुख रस्ते आता सिमेंटचे आहेत. या रस्त्यांवर झिजून गुळगुळीत झालेली पोलादी नाल घसरते आणि प्रत्येक पावलाचा धक्का खुराच्या आतल्या पदरांपर्यंत पोहोचतो. त्यावर खाच असलेली नाल, टंगस्टन कार्बाइडच्या कठीण टोकांचे खिळे किंवा नालेखाली रबराची चकती हे उपाय आहेत. नाल झिजून पातळ होईपर्यंत चालवण्यात मालकाचे जेवढे पैसे वाचतात त्याहून कितीतरी अधिक नुकसान घोडी एकदा घसरून पडली तर होते.

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपुढे जातो तेव्हा खूर कोरडे पडतात आणि भिंतीला, विशेषतः खिळ्यांच्या भोकांपाशी, उभ्या चिरा जातात. खुराला तेल चोपडण्याची चाल सर्वत्र आहे. तेलाने चमक येते; चिरा थांबतात त्या मुख्यतः वेळेवर तासल्याने आणि चांगल्या आहाराने. बायोटिन या जीवनसत्त्वाने खुराचा दर्जा सुधारतो, परंतु सुधारलेली भिंत वरून वाढत खाली यावी लागत असल्याने परिणाम दिसायला सहा ते नऊ महिने जातात.

चातुर्मासात लग्ने थांबतात, घोडी ठाणावर बांधलेली राहते आणि कमाई नसल्याने नालबंदाला बोलावणे लांबणीवर पडते. नेमक्या याच काळात नागपूरच्या काळ्या मातीचा चिकट चिखल खुरात बसतो. नाल आहे तेवढीच राहते, खूर मात्र वाढत राहतो; दोन-अडीच महिन्यांत खुराचे टोक पुढे निघते, नाल त्याबरोबर पुढे सरकते आणि तिची मागची टोके टाचेजवळच्या तळव्यावर रुततात, तेथे घट्टे पडतात. चिखलाने हवा न लागलेल्या पुतलीत जिवाणू वाढून ती कुजते. काळा, चिकट स्राव आणि दुरूनही जाणवणारी दुर्गंधी ही तिची खूण आहे. वरातीचे घोडे पाळणाऱ्याने सर्वांत अधिक काळजी घ्यावी ती याच रिकाम्या चार महिन्यांत. काम नसताना नाल काढून, खूर तासून, कडा गोलसर करून घोडीला अनवाणी ठेवणे उत्तम. त्याने टाचांना पुन्हा फाकायला वाव मिळतो. खाली कोरडी तणीस अंथरावी, खूर रोज उचलून आकडीने साफ करावेत. पुतली कुजलीच तर मेलेला भाग काढून मोरचुदाचे पाणी किंवा आयोडीन लावतात. कामाच्या दिवसांत दर सहा आठवड्यांनी, फार तर आठव्या आठवड्यापर्यंत, खूर तासून नाल काढघाल करणे आवश्यक असते, मग जुनी नाल झिजलेली असो वा नसो.

विकार : खिळा जिव्हाळीला लागला तर घोडा तत्क्षणी पाय हिसकतो, तो नुसता जवळून गेला असेल तर दोन-तीन दिवसांनी लंगडू लागतो. अशा वेळी खिळा काढून भोक निर्जंतुक करावे लागते. आत पू धरला तर घोडा एकाएकी तीन पायांवर येतो, मालकाला हाड मोडले असे वाटते, आणि पशुवैद्याने तळव्यातून वाट करून पू काढताच त्याला पुष्कळ आराम पडतो. घोडा धनुर्वाताला विलक्षण बळी पडणारा प्राणी असल्याने खुरातली प्रत्येक टोचणी, मग ती नालेच्या खिळ्याची असो वा रस्त्यावरच्या, धनुर्वाताच्या लशीची आठवण देणारी समजावी.

सर्वांत गंभीर आजार म्हणजे लॅमिनायटिस, अर्थात वर सांगितलेल्या पदरांची सूज. त्याची कारणे पुष्कळदा खुराबाहेर असतात : घोड्याने एकदम फार धान्य खाल्ले, प्रसूतीनंतर वार अडकून विषबाधा झाली, किंवा कठीण रस्त्यावर अति दौड झाली, की पदर सैल पडू लागतात. रोगी घोडा पुढचे पाय पुढे ताणून, टाचांवर भार टाकून मागे रेलतो. खूर गरम लागतो आणि घोट्यापाशी नाडी ठळकपणे उडते. पदर सुटले की आतले हाड खाली वळते व तळव्यातून बाहेरही येऊ शकते. वरातीत हौसेने घोडीला ओंजळी भरभरून हरभरे आणि गूळ चारणाऱ्या पाहुण्यांना हे कोणी सांगत नाही. ते सांगण्याचे काम घोडीवाल्याचेच आहे. लक्षणे दिसताच धान्य बंद करावे, खूर बर्फाच्या पाण्यात ठेवावेत, मऊ अंथरुण द्यावे आणि त्याच तासाला पशुवैद्य बोलवावा.

इतिहास व प्रशिक्षण : मराठेशाहीत ‘नालबंदी’ या शब्दाला आणखी एक अर्थ होता. स्वतःचा घोडा बाळगणाऱ्या शिलेदाराला मोहिमेपूर्वी घोडा सज्ज करण्यासाठी जी आगाऊ रक्कम दिली जाई तिलाही नालबंदी म्हणत; सरकारी घोड्यावर चाकरी करणाऱ्या बारगिराची गोष्ट निराळी होती. नागपूरकर भोसल्यांची फौज १७४२ मध्ये भास्करपंत कोल्हटकरांच्या नेतृत्वाखाली बंगालपर्यंत धडकली, तेव्हा इतक्या लांबच्या वाटेवर खुरांची निगा ही दाणावैरणीइतकीच निकडीची गरज होती.

आज मेरठ येथील रिमाउंट व्हेटरिनरी कोअरच्या, म्हणजे लष्कराची जनावरे सांभाळणाऱ्या दलाच्या, केंद्रात नालबंदीचे शिक्षण मिळते. नागपुरात सेमिनरी हिल्स येथे १९५८ मध्ये स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय असून २००० पासून ते याच शहरात मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा भाग आहे. पशुवैद्यकाच्या पदवी अभ्यासक्रमात लंगडेपणाची तपासणी आणि खुरांची निगा शल्यचिकित्सेबरोबर शिकवतात. मात्र हातोडीचा हात पुस्तकाने येत नाही. तो नालबंदाच्या घरात बापाकडून मुलाकडे किंवा उस्तादाकडून शागिर्दाकडे जातो, आणि घोडे कमी झाल्याने असे शागिर्द कमी झाले आहेत. नालबंद आणि पशुवैद्य एकाच खुरावर वाकून काम करतील, एकाने क्ष-किरण चित्र दाखवावे आणि दुसऱ्याने त्याप्रमाणे टाच उतरवावी, ही पद्धत अवघड लंगडेपणात सर्वांत गुणकारी ठरते.

बैलांची नालबंदी : विदर्भात रस्त्यावर गाडी ओढणाऱ्या बैलांनाही नाल ठोकतात, पण तिचे शास्त्र वेगळे आहे. बैलाचा खूर दुभंगलेला असल्याने अखंड नाल बसत नाही. प्रत्येक अर्ध्या खुराला स्वतंत्र, पातळ, पानाच्या आकाराची पत्री लागते, म्हणजे चार पायांना मिळून आठ. बैलाच्या खुराची भिंत घोड्यापेक्षा पातळ असल्याने खिळे बारीक वापरतात आणि ते बाहेरच्या कडेनेच ठोकतात. घोडा उभ्यानेच नाल मारून घेतो. बैलाला मात्र दोराने पाय बांधून कुशीवर पाडावे लागते, आणि पाडण्यापूर्वी जमिनीवरचे दगडगोटे वेचून काढणे व त्याचे पोट फार भरलेले नाही हे पाहणे आवश्यक असते. शेतातल्या मऊ जमिनीवरच काम करणाऱ्या बैलाला पत्रीची गरज नसते.