गच्ची गळतेय? कोटिंगचा डबा घेण्याआधी हे वाचा

जून उजाडला, दोन सरी पडल्या की आम्हा वॉटरप्रूफिंगवाल्यांचा फोन थांबत नाही. आणि नेमकं तेव्हाच आम्हाला फारसं काही करता येत नाही. ओल्या स्लॅबवर वॉटरप्रूफ कोटिंग धरत नाही, फुगे येऊन सुटतं. गच्चीचं काम एप्रिल-मेमध्येच उरकायचं. पैशांची जुळवाजुळव त्यासाठी दिवाळीनंतरच सुरू केलेली बरी.

आधी पाणी येतंय कुठून ते बघा. छतावरचा डाग फक्त पावसाळ्यात ओला होत असेल तर बहुतेक दोष गच्चीचा किंवा बाहेरच्या भिंतीचा. बारा महिने ओल असेल तर वरचं बाथरूम किंवा नळाची लाइन तपासा. पाणी स्लॅबच्या आत वाट काढत सरकतं, म्हणून डागाच्या बरोबर वर भेग सापडेलच असं नाही. सोसायटीत राहत असाल तर गच्चीतून होणारी पावसाची गळती आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांप्रमाणे) सोसायटीने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायची असते. खिशात हात घालण्याआधी सेक्रेटरींकडे लेखी अर्ज द्या.

केसासारख्या बारीक भेगा आणि बाकी कोबा (स्लॅबवरचा विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर) ठणठणीत असेल तर हे काम घरी जमतं, आम्हाला बोलावू नका. शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडून गच्ची धुवा आणि पूर्ण वाळू द्या. भेगा थोड्या रुंद करून क्रॅकफिलरने भरा. मग प्रायमर, आणि त्यावर कोटिंगचे दोन हात. पहिला उभा मारला तर दुसरा आडवा. पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) कडेला आणि पाइपाभोवती कोटिंगच्या थरात फायबरची जाळी बसवा, कारण गळती बहुतेक तिथूनच सुरू होते. डब्यावर दोन हातांसाठी किती चौरस फूट लिहिलंय ते वाचूनच डबे मोजा. पातळ करून पुरवलेलं कोटिंग पुढच्याच पावसाळ्यात दगा देतं.

कोबा ठोकल्यावर पोकळ वाजतो, किंवा छताचे पोपडे पडून गंजलेली सळई दिसते? मग मात्र स्वतः हात घालू नका. गंजलेलं लोखंड फुगतं आणि काँक्रीट फोडतं. नुसता प्लास्टर मारला तर आतला गंज चालूच राहतो. अशा वेळी आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, आम्हाला नंतर. जुन्या कोब्यावर नवा कोबा चढवायला कुणी सांगितलं तर ठाम नकार द्या. 4 इंच कोब्याचं वजन चौरस फुटाला साधारण 18 किलो भरतं. 600 चौरस फुटांच्या गच्चीवर जवळपास 11 टन!

कोटेशन आमचं असो वा दुसऱ्या कुणाचं, त्यात जुना कोबा फोडणं, राडारोडा उचलून नेणं, नवा उतार काढणं आणि जीएसटी धरलाय का ते विचारा. राडारोड्याचा खर्च बहुतेक जण विसरतात आणि भांडण तिथेच होतं. एकूण रकमेच्या वर 15 ते 20 टक्के वेगळे ठेवा, कारण कोबा फोडल्याशिवाय खाली काय निघेल ते आम्हालाही सांगता येत नाही. घरातला रंग या बजेटमध्ये धरू नका. एक पावसाळा कोरडा गेल्यावरच रंगवा.

सगळे पैसे आगाऊ देऊ नका, आम्हालासुद्धा. काम झाल्यावर गच्चीचे आउटलेट बंद करून 72 तास पाणी भरून ठेवायचं. खाली ओल आली नाही, तर शेवटचा हप्ता द्यायचा.