नुसतं 'ब्युटेनॉल' लिहून यादी पाठवू नका
(अकरावी-बारावी व बी.एस्सी.चे विद्यार्थी, लॅब असिस्टंट आणि पालकांसाठी)

प्रॅक्टिकलचे दिवस जवळ आले की आमच्या रसायनांच्या दुकानात याद्यांचा ओघ सुरू होतो आणि बऱ्याच याद्यांत 'ब्युटेनॉल, १०० मिली' एवढंच लिहिलेलं असतं. मग आमचा फोन, तुम्ही सरांना विचारणार, सरांचा तास सुटल्यावर उत्तर येणार. तोवर दिवस जातो आणि माल दुसऱ्या दिवशी निघतो.

आम्ही विचारतो त्याला कारण आहे. चार कार्बन, दहा हायड्रोजन, एक ऑक्सिजन या एकाच रेणुसूत्राची रचनेनुसार चार अल्कोहोलं आहेत. ओएच हा क्रियात्मक गट चारही जणांत आहे; कार्बनची साखळी सरळ की फांदीची, आणि ओएच कुठल्या कार्बनवर, एवढाच फरक. हेच ते आयसोमर, म्हणजे समघटक. गावात 'अहो पाटील' म्हटल्यावर चौघं वळून बघतात, तशी गत होते. पण फरक छोटा समजू नका: सरळ साखळीचं एन-ब्युटेनॉल ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतं, टर्शरी ब्युटेनॉल ८२ लाच.

सगळ्यात जास्त घोळ लुकास टेस्टला, म्हणजे अल्कोहोल प्रायमरी, सेकंडरी की टर्शरी हे ओळखायच्या चाचणीला होतो. टर्शरी अल्कोहोल लुकास रीएजंटमध्ये टाकताच गढूळ होतं, सेकंडरीला पाचेक मिनिटं लागतात, प्रायमरी तापवल्याशिवाय हलत नाही. विद्यार्थी टर्शरी समजून आयसोब्युटेनॉल नेतात, परीक्षानळी स्वच्छच राहते आणि 'रीएजंट खराब दिलंत' म्हणून फोन येतो. आयसोब्युटेनॉलला फांदी आहे खरी, पण ओएच बसलाय टोकाच्या कार्बनवर. फांद्या मोजू नका. ओएच ज्या कार्बनला आहे त्याला आणखी किती कार्बन चिकटलेत ते मोजा: एक असेल तर प्रायमरी, दोन असतील तर सेकंडरी, तीन असतील तर टर्शरी. नावांत तर एका आकड्याचाच फरक आहे: २-मिथाइलप्रोपेन-१-ऑल हे आयसो, २-मिथाइलप्रोपेन-२-ऑल हे टर्शरी. यादी उतरवताना तो शेवटचा आकडा गळतो.

म्हणून यादीत कॅस नंबर, म्हणजे प्रत्येक रसायनाचा ठरलेला ओळख क्रमांक लिहा. तो बाटलीच्या लेबलवर असतो. एन-ब्युटेनॉल ७१-३६-३, सेकंडरी ७८-९२-२, आयसो ७८-८३-१, टर्शरी ७५-६५-०. शेवटचा अंक पडताळणीचा असतो. मधला एखादा आकडा चुकला तर आम्हाला बहुतेक वेळा लगेच कळतं.

टर्शरी ब्युटेनॉल २५ अंशांच्या आसपास गोठतं. थंडीत बाटलीत पांढरा गोळा दिसला तर माल बिघडलेला नाही. बाटली कोमट पाण्यात ठेवा, बर्नरजवळ मुळीच नेऊ नका.

तसंच पेट्रोलियम इथर. ते इथर नाहीच, हलक्या हायड्रोकार्बनांचं मिश्रण आहे. सरांनी डायइथाइल इथर सांगितलं असेल तर तसं पूर्ण लिहा.

सील फोडलेली बाटली आम्ही परत घेत नाही. काहींना हा हट्ट वाटतो. पण उघडलेल्या बाटलीत कुठला ड्रॉपर बुडाला होता हे आम्हाला कसं कळणार? तीच बाटली दुसऱ्या विद्यार्थ्याला दिली आणि त्याचं निरीक्षण चुकलं, तर दोष आमच्याकडेच येतो. सील शाबूत असेल तर बदलून देतो, वाद घालत नाही.

लुकास टेस्टसाठी प्रायमरी, सेकंडरी, टर्शरी अशा तीन छोट्या बाटल्यांचा संच आम्ही बांधून ठेवतो. प्रत्येक बाटलीवर रचनासूत्र छापलेलं असतं. एकट्या विद्यार्थ्याला मोठी बाटली घ्यायची गरज नसते आणि ती घ्या असं आम्ही सांगतही नाही. फांदी आणि ओएचची जागा डोळ्यांसमोर येत नसेल तर काउंटरवर बॉल-स्टिक मॉडेल ठेवलेलं आहे. चारही ब्युटेनॉल स्वतः जोडून बघा. मॉडेल विकत घेतलंच पाहिजे असं नाही.

कॅस नंबरसह यादी दुपारी बारापर्यंत व्हॉट्सॲपवर आली, तर माल त्याच संध्याकाळी निघतो.